मोर लहान आहे अजून

जगातली बटण असलेली प्रत्येक वस्तू मुळात विणायचा मागच असते, यावर आमच्या समोरच्या भाऊजींची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी माझी तेहतीस कोटींतल्या एकाही देवावर नाही. मिक्सर म्हणजे बुटका माग, फ्रीज म्हणजे उभा माग, आणि माणूस म्हणजे वेळेवर तेल न घातलेला माग. समोरचे म्हणजे सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या पलीकडचे. आमच्या ह्यांचे लंगोटीयार, म्हणून माझे भाऊजी. जन्मभर त्यांनी चादरी विणल्या. आधी दुसऱ्याच्या मागावर, मग स्वतःच्या कारखान्यात, आणि कारखाना बंद पडल्यावर आमच्या ओट्यावर बसून नुसत्या बोलण्यात. घरात तेलुगू, बोळात मराठी, आणि यंत्राशी जी काही भाषा बोलतात ती फक्त त्यांना आणि त्या यंत्राला कळते. आमचे हे गुडघ्यानं हैराण झाले होते तेव्हा भाऊजींनी त्यांच्या गुडघ्याला कान लावला, डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं, "कोरडा पडलाय की." दुसऱ्या दिवशी मशिनचं तेल घेऊन हजर. ह्यांनी दोस्ताच्या शब्दाखातर ते चोळलं. गुडघा होता तसाच राहिला, माझ्या दोन पांढऱ्या चादरी मात्र कायमच्या तेलकट झाल्या.

मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं भाऊजींना हळू बोलणं म्हणजे काय हेच माहीत नाही. ते आपल्या घरात 'मीठ कमी हाय' म्हणाले की बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या बाईला आपल्या आमटीची शंका येते. पण त्याच खडखडाटानं त्यांना दुसरी एक विद्या दिली आणि ती आम्हा बायकांच्या जिवावर उठली. मागावर कुणाचं बोलणं कानावर येत नाही, त्यामुळं विणकर ओठ बघून बोलणं ओळखतात. भाऊजी आपल्या खिडकीत बसून आमच्या ओट्यावरच्या कुजबुजीतला शब्द न् शब्द वाचायचे, आणि एखाद्या सुनेचं गाऱ्हाणं अगदी रंगात आलं असताना पलीकडून गर्जना यायची, "वहिनी, तसं न्हाई, चूक सासूची हाय!" तेव्हापासून आमच्या बोळात बायका तोंडाला पदर लावून बोलतात. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलींना वाटतं ही इथली मर्यादेची रीत असावी. आम्हीही काही सांगत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात एका सकाळी हीच गर्जना झाली, "वहिनीऽऽ! काम्पुटर मेला!"

सगळा बोळ बाहेर आला. कुणीतरी तर मयताला जायचं म्हणून टोपी घालूनच आलं. माझ्या अंगावर मात्र काटा आला, कारण त्या काम्प्युटरच्या बाबतीत मला हाक मारण्याचं कारण वेगळं होतं. ते कारण म्हणजे एक बाई. तिचं नाव सांगत नाही, तिला मी नुसतं सर्टिफिकेटवाली म्हणते. वय पंचेचाळीस, शाळेत मराठी शिकवायची, आणि एका मे महिन्याच्या सुट्टीत तिनं काम्प्युटरचा क्लास लावला. दुर्दैवानं ती मीच.

त्या बाईची आठवण झाली की मलाही पदर तोंडाला लावावासा वाटतो. पेठेत काम्प्युटर शिकलेली ती पहिली बाई. क्लासात चपला बाहेर काढून, पाय धुऊन, खुर्चीला नमस्कार करून बसायची. एका बोटानं टाइप करायची आणि उरलेली नऊ बोटं पाहुण्यांसारखी बाजूला ठेवायची. सर्टिफिकेट मिळालं तर ते चौकटीत घालून सासऱ्यांच्या फोटोशेजारी टांगलं, वर हार त्यालाच मोठा. पहिल्यांदा स्वतः काही छापलं ते काय, तर रजेचा अर्ज. रजा नको होती, पण काहीतरी छापायला हवं होतं. हेडमास्तरांना अर्ज इतका आवडला की त्यांनी तो मंजूर केला आणि ही बया विनाकारण घरी बसली. कुणी साधं कॅल्क्युलेटर काढलं तरी म्हणायची, "थांबा, मी संगणक केलाय." लोक बी.ए. केलं म्हणतात तसं.

भाऊजींनी त्याच सुमाराला बंद पडलेल्या एका कारखान्यातून जुना काम्प्युटर विकत आणला. त्यात चादरीची नक्षी काढायचा प्रोग्राम होता. पडद्यावर नुसत्या चौकटी, एक चौकट म्हणजे एक धागा. नक्षी काढली की तिच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि त्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची, म्हणजे माग तीच नक्षी विणतो. भाऊजींना इंग्रजी येत नव्हतं, आणि सर्टिफिकेटवालीला आपल्याला काय येत नाही हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "भाऊजी, मी काढते नक्षी. मोर काढते."

तिनं चोचीपासून सुरुवात केली. मायेनं काढत गेली, गळा झाला, पोट झालं, पोट जरा जास्तच झालं, आणि शेपटीपर्यंत पोचते तर चौकटी संपलेल्या. चादरीची रुंदी संपली, पण मोर काही संपला नव्हता. मग तिनं ती शेपटी वर दुमडून पाठीवर उभी केली. पाय कसे असतात ते आठवेना, म्हणून शेजारच्या कोंबडीचे बघून काढले. आणि अभिमानानं भाऊजींना बोलावलं.

भाऊजी बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग अगदी नम्रपणे विचारलं, "वहिनी, ही कोण?"

"ही काय? मोर आहे तो!"

"मोर." त्यांनी मान हलवली. परत बघितलं. "हां. लहान आहे अजून."

दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. पण शिकलेल्या बाईनं, तीही दोस्ताच्या बायकोनं काढलेला मोर. भाऊजींनी सगळा लॉट विणला. बाजारात त्या चादरीचं नाव 'कोंबडी' पडलं. सोलापुरात एक खपली नाही. शेवटी बाहेरच्या राज्यातल्या कुठल्याशा व्यापाऱ्याकडं झाडून सगळा माल पाठवून दिला, आणि मला मात्र सांगितलं, "वहिनी, मोर लांब गेला. तिकडं लई मागणी." सर्टिफिकेटवालीनं ते खरं मानलं आणि शाळेत सगळ्यांना सांगितलं.

एकच चादर मागं राहिली, ती भाऊजींच्या बायकोनं ठेवून घेतली. तिला आम्ही सगळ्याजणी वदिना म्हणायचो, तेलुगूत वहिनीला म्हणतात तसं. वदिनाला मराठी बेतानंच यायची. ती रोज सकाळी घडी घालायच्या आधी ती चादर खिडकीत दोन्ही हातांनी ताणून धरायची, मोराकडं बघायची, खुदकन हसायची, आणि माझ्या खिडकीकडं तोंड करून ओरडायची, "कोक्कोरोकोऽऽ!" मी वर्षानुवर्षं चिडले. मग चिडायचं सोडलं. मग कधीतरी असं झालं की ते कोक्कोरोको ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागेना. वदिना गेली तेव्हा भाऊजींनी तीच चादर तिच्या अंगावर घातली. ती तिच्याबरोबरच गेली.

तर आता गोष्ट अशी होती. भाऊजींचा मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला घेऊन जाणार होता. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा झाली की निघायचं ठरलेलं. भाऊजींचे स्वतःचे माग कधीच भंगारात गेले होते, पुठ्ठ्यांच्या माळाही रद्दीत गेल्या होत्या. पण त्यांच्या एका मित्राच्या कारखान्यात नक्षीचा एक जुना माग अजून उभा होता, आणि तोही जत्रेनंतर भंगारवाल्याला द्यायचा होता. मित्र म्हणाला होता, "एक चादर विणून घे, शेवटची. नक्षी आण." नक्षी त्या काम्प्युटरात होती. आणि भाऊजींनी जन्मात शेकड्यांनी नक्ष्या विणलेल्या असताना, कमळं, वेली, हत्ती, राजवाडे सगळं विणलेलं असताना, त्यांना हवी होती ती कोंबडी.

"तिकडं रात्री पांघरायला पायजे," एवढंच ते म्हणाले.

खरं सांगते, पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं मेला. माझं ते पाप हैदराबादेत जाऊन पुन्हा पसरायला नको. मी तोंड भरून म्हणाले, "भाऊजी, जुना झाला हो. जाऊ द्या." भाऊजींनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ओठ एक बोलतायत आणि डोळे एक. या, बसा." बसले.

आता दुरुस्तीला सुरुवात झाली. माग कधी उगाच थांबत नाही, कुठंतरी धागा तुटलेला असतो, हा भाऊजींचा पहिला सिद्धांत. त्यांनी काम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढून सतरंजीवर ओळीनं पसरल्या आणि डोळे मिटून प्रत्येकीवरून बोटं फिरवत गेले, मागावर ताण्याचे उभे धागे तपासतात तशी. एका चांगल्या धडधाकट वायरीवर त्यांचं बोट अडलं. "हितं." मी नको नको म्हणेपर्यंत कात्री चालली, आणि विणकरी गाठ मारून वायर सांधली. गाठ इतकी सुबक की मला हात लावून शोधावी लागली. "दिसती का? सांगा की, दिसती का?" गाठ नाही दिसली, पण वायर लावून बटण दाबल्यावर काहीच दिसेना. सगळ्या बोळाची लाइट गेली. मालिकेतल्या सासूचं विष दुधात पडता पडता राहिलं, आणि त्या संध्याकाळी बायकांनी भाऊजींना पदर बाजूला करून, त्यांना नीट वाचता यावं अशा बेतानं, जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. त्यांनी सगळं वाचलं. नवी वायर आणली.

आता माझी पाळी. सर्टिफिकेटवाली इतकी वर्षं आत झोपली होती, ती उठून बसली. मी चष्मा नाकावर चढवून गंभीरपणे म्हणाले, "रिस्टार्ट करा."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, स्टार्टच होईना. री कुठनं आणू?"

मग डबा उघडला. क्लासात सांगितलेलं मला एवढंच आठवत होतं की आत एक लांबट पट्टी असते, ती काढून तिचं सोनेरी टोक खोडरबरानं पुसायचं. शिक्षिकेच्या घरात खोडरबराला तोटा नाही. पण डबा उघडला आणि आम्ही दोघंही आत डोकावलो. आत पट्टी दिसेना, पंखा दिसेना, काहीच दिसेना. आत रुई होती. भाऊजींच्या कारखान्यात हा डबा मागाशेजारीच असायचा, आणि तिथल्या हवेत उडणारा कापसाचा सगळा भुगा यानं वर्षानुवर्षं पोटात साठवला होता. दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट थर झालेला, लाल, निळा, हिरवा. मी केरसुणी आणायला उठले तर भाऊजींनी हात धरून खाली बसवलं. त्यांनी तो थर बोटांनी हळूहळू सोडवला आणि उजेडात धरून सांगत गेले, ही लाल कमळाच्या लॉटची, ही निळी राजवाड्याची. एका पिवळट तुकड्यापाशी थांबले. "ही मोराची." मी म्हणाले, "भाऊजी, कोंबडीची म्हणा आता, मी काही रागवत नाही." त्यांनी ती रुई कागदात बांधून ठेवली.

खोडरबर झालं. मग डबा गच्चीवर उन्हात ठेवला, माझ्या सांडग्यांच्या शेजारी, कारण थंडीत माग आखडतो. मग पंख्याला तेल घातलं, कारण तेल. मग देवाला नारळ. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन समोर जायचे, भाऊजी बटण दाबायचे, डब्याला कान लावायचे आणि माझ्याकडं हात करून थांबवायचे, "आगु, आगु!" म्हणजे थांबा. मग डोळे मिटून म्हणायचे, "वस्तुंदि." म्हणजे येतंय. रोज येत होतं, आणि रोज काही येत नव्हतं. जत्रेचे पाळणे मैदानात उभे राहायला लागले होते. आणि मला कळेना की मला हल्ली सकाळी लवकर जाग का येते. त्या कोंबडीला कोण विचारतंय असं म्हणणारी मी, गच्चीवर तिच्या डब्यावर कावळा बसला तर हाकलायला धावत होते.

आणि एके दिवशी मला त्याच बटणाची शंका आली. दाबलं की ते आत जायचं, पण पूर्वीसारखं टक्क करून बाहेर यायचं नाही; चिखलात पाय रुतावा तसं रुतून बसायचं. मी बांगडीतली सेफ्टीपिन काढली आणि त्याच्या कडेनं फिरवली. खडूच्या भुकटीसारखं काहीतरी बाहेर आलं. लाल. मग पिवळं. मग परत लाल. मग एक अख्खा तांदूळ.

दर खंडेनवमीला विणकर मागाची पूजा करतो. हळद-कुंकू कुठं लावायचं, तर ज्या दांड्यानं माग सुरू होतो तिथं, कारण जीव तिथं असतो. भाऊजींनी इतकी वर्षं काम्प्युटरचीही पूजा केली होती, आणि काम्प्युटर जिथून सुरू होतो ते ठिकाण त्यांनी अचूक शोधलं होतं. हळद, कुंकू, अक्षता आणि वर नारळाचं पाणी. सिमेंटचा याहून चांगला माल मी घर बांधतानाही बघितला नव्हता.

"म्हंजे देवानं बंद पाडला व्हय?" भाऊजींचा चेहरा पडला.

"देवानं नाही, तुम्ही. देवाला कुंकू चालतं, भाऊजी. बटणाला नाही."

"मग लावायचं तर कुटं लावायचं?"

"खांद्यावर लावा. वर. कुठंही लावा, फक्त तोंडात घालू नका त्याच्या!"

सेफ्टीपिनीनं ते सगळं कोरून काढलं, आणि इतक्या वर्षांची पूजा एका वाटीत जमा झाली. भाऊजींनी बटण दाबलं. टक्क. हिरवा दिवा लागला. पंखा फिरायला लागला, इतक्या आनंदात की त्याच्यातलं तेल माझ्या पातळावर उडालं. मी ओरडले. भाऊजी ओरडले. बोळ आला. कुणीतरी पेढे आणायला धावलंसुद्धा. आम्ही सगळे पडद्याकडं बघत उभे राहिलो.

पडदा काळाच होता.

पेढे आले, आणि पडदा काळाच होता. लोक एकेक करून पेढा खाऊन निघून गेले, आमच्याकडं न बघता. भाऊजींनी डब्याला कान लावला. "आत चालू हाय, वहिनी. नुसतं बोलत न्हाई." ते तसेच कान लावून बसले होते, आणि मला वदिनाचे शेवटचे दिवस आठवले. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. बिचारा चांगला माणूस. भाऊजी त्याला तेलाची बुधली देत होते, ती त्यानं नम्रपणे बाजूला ठेवली. बराच वेळ खटपट करून तो म्हणाला, "काका, मेन बोर्ड गेलाय. असला बोर्ड आता कुटं मिळत न्हाई." मग त्यानं आतली हार्ड डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली, आणि एकदम म्हणाला, "फाइल हाय की! हे बघा." आम्ही दोघं पुढं झुकलो. पडद्यावर इंग्रजीत नाव होतं. सर्टिफिकेटवालीनं स्वतः एका बोटानं टाइप केलेलं, स्पेलिंग चुकलेलं. मी ओळखलं.

"उघडा की मग," भाऊजी म्हणाले.

उघडेना. तो नक्षीचा प्रोग्राम फक्त त्या एकाच डब्यात चालायचा, त्याला तसं कुलूप होतं, आणि डबा गेला म्हणजे किल्ली गेली. दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस घरी नेऊन खटपट केली, तरी नाव दिसे आणि मोर दिसेना. शेवटी डिस्क परत डब्यात बसवून दिली, आणि पैसेही घेतले नाहीत त्यानं. ते मला जास्त वाईट वाटलं, डॉक्टरनं फी नको म्हटल्यासारखं.

मग मी म्हणाले, "भाऊजी, रडू नका. मीच काढला होता ना? मी परत काढते. चौकटीच्या कागदावर." भाऊजी रडत नव्हते. मला तसं म्हणायचं होतं एवढंच.

आणि इथं माझी खरी फजिती झाली. मी कागद घेऊन बसले, आणि हातातून सुंदर मोर आला. मधल्या वर्षांत नातीच्या शाळेची चित्रं काढली, दिवाळीत रांगोळ्या काढल्या, हात बसला. मान डौलदार, शेपटी मावेल एवढी जागा आपोआप सुटली, पाय मोराचे. मी स्वतःवरच खूश होऊन भाऊजींपुढं धरला. त्यांनी चष्मा लावून बघितला, काढला, परत लावला.

"हा मोर हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मला आमचा पायजे."

मी परत काढला. पोट मोठं केलं. तो खादाड मोर झाला. शेपटी दुमडली, तो थंडी वाजणारा मोर झाला. डाव्या हातानं काढला, चष्मा न लावता काढला, चोचीपासून सुरुवात करून शेवटी जागाच सोडली नाही. प्रत्येक वेळी त्या कागदावर एक शहाणा मोर यायचा, वेड पांघरून पेडगावला निघालेला. सर्टिफिकेटवालीनं ती कोंबडी मोर समजून काढली होती, तिच्या त्या रेषेत एक खात्री होती. ती खात्री आता मी कुठून आणू? आयुष्यभर त्या बाईची टिंगल केली, आणि आता मला तिचीच गरज पडली तर ती सापडेना. भाऊजी बिचारे प्रत्येक कागद बघायचे आणि म्हणायचे, "जवळ आलाय, वहिनी, लई जवळ आलाय," म्हणजे लांब होता.

जत्रा झाली. भंगारवाल्याची गाडी मित्राच्या कारखान्यापाशी लागली त्या दिवशी भाऊजी तिकडं गेले होते. परत आले तेव्हा खिशात आडवा धागा नेणारा एक धोटा होता, तेवढाच मागून आणलेला. ओट्यावर बसले आणि पहिल्यांदाच मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं. मला नीट ऐकूच आलं नाही. मी विचारलं, "काय म्हणालात?" ते म्हणाले, "काय न्हाई." त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला ओठ वाचता यायला हवे होते.

निघायच्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. भाऊजींनी कपड्यांची बॅग पायाशी टाकली आणि काम्प्युटरचा डबा पडद्यासकट शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. मुलगा वैतागला, "नान्ना, तो मेलाय. तिकडं नवीन घेऊ."

"नवीन तुला घे," भाऊजी म्हणाले. "पंखा चालतोय ह्याचा."

"पण आता मागच नाही, तर मोर घेऊन काय करणार?"

"बघणार," भाऊजी म्हणाले. बोळाच्या तोंडापर्यंत सगळ्या बायका गेल्या. पदर कुणीच तोंडाला लावला नव्हता.

आता समोरची खिडकी बंद असते. बोळ इतका शांत झालाय की आमटीत मीठ कमी आहे की नाही हे ज्याचं त्यालाच बघावं लागतं. मी रोज दुपारी चौकटीचा एक कागद घेऊन बसते. सून विचारते, "आई, हे काय चाललंय?" मी सांगते, "चित्रकला बिघडवतेय. शिकण्यापेक्षा अवघड आहे." अजून मोरच येतो.

रविवारी भाऊजींचा व्हिडिओ कॉल येतो. फोन ते गालाला लावतात, त्यामुळं निम्मा वेळ मला नुसता कान दिसतो. मागच्या रविवारी त्यांनी फोन फिरवून डबा दाखवला. कुंकू खांद्यावर लावलं होतं, माझ्या सांगण्याप्रमाणं, बटण अगदी स्वच्छ. त्यांनी ते दाबलं. पंख्याचा आवाज इथपर्यंत आला. काळा पडदा मला दाखवत ते काहीतरी म्हणाले, आणि तेवढ्यात रेंज गेली. चित्र होतं, पण आवाज नव्हता. माझा आवाजही तिकडं जात नसणार. ते स्क्रीनमध्ये वाकून माझ्याकडं बघत होते, माझ्या ओठांकडं.

मी पदर बाजूला केला आणि आवाज न करता, सावकाश, त्यांना नीट दिसेल असं म्हणाले, "वस्तुंदि, भाऊजी."

त्यांनी वाचलं. मान हलवली, आणि डब्याला कान लावला.